चमचा वाजला की

दादा,

तू गेलास त्याला अजून पंधरवडाही झाला नाही. काल दुपारी आई जेवताना मामाची गंमत सांगत होती. कुही गावाहून तांदळाचं पोतं घेऊन तो भेटायला आला होता, त्याची. "मंग पोतं डोक्शावर घेऊन तो इस्टे..." एवढ्यात वहिनीच्या हातून चमचा निसटला आणि ताटाच्या काठावर वाजला. टिंग. आई तिथेच थांबली. माझ्याकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, तू बसायचास त्या जागेकडे पाहिलं. मग मान खाली घालून भात कालवत राहिली. मामाचं पुढे काय झालं ते आम्हाला कळलंच नाही.

नंदनवनच्या तुझ्या घरी रोज माणसं येतात. तुझे विद्यार्थी, शाळेतले सहकारी. 'सरांसारखे उच्चार आता ऐकायला मिळायचे नाहीत,' असं जो तो म्हणतो. मी मान हलवते, चहा देते. ते खोटं बोलत नाहीत. पण त्यांनी तुझी मराठी वर्गात ऐकली, आम्ही ती ताटावर ऐकली. मला तुझ्यासाठी रडायचं असतं आणि मधेच राग येतो. राग आला की पुन्हा रडू येतं. तुझ्याशी सुरू केलेलं भांडण मी कधी अर्धवट सोडलं नाही, हे तुला चांगलं ठाऊक आहे, म्हणून हे लिहिते आहे. तू उत्तर देणार नाहीस म्हणा. पण गेल्या वर्षभरात तरी मला कुठे देत होतास?

तू चमचा हातात घेतलास त्याच्या आधीचं आईचं बोलणं आठवतं का रे? आपल्या वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत ती दाराशी बसून विड्या वळायची. तेंदूच्या पानावर कात्री चालायची आणि तिच्या बरोबरीने तोंड. "परमिला, इस्टो पेटव वं. तुया दादा इस्कूलातून येऊन राहिला." जनम, धरम, किरपा, वरत. जिथे दोन अक्षरं अगदी खेटून बसलेली असत, तिथे आई मधे पाट मांडून तिसऱ्याला बसवायची. आल्यागेल्याला जागा करून द्यायची तिची सवयच होती. बाबा गिरणीतला खोकला घेऊन लवकर गेले, पण ती बोलायची थांबली नाही. आपलं घर तिच्या बोलण्यावर चाललं होतं असं मला आजही वाटतं.

मग तुला हायस्कुलात नोकरी लागली. वस्तीतला पहिला मास्तर. बायांनी ओवाळलं, आईने गुळाचा सांजा केला. आणि महिनाभरातच तू पहाटे उठून मागच्या अंगणात जायला लागलास. कडुलिंबाकडे तोंड करून 'प्र, क्र, स्त्र, स्न' असं घोकायचास. शेजारची काकू आईला विचारायची, "तुया पोरगा झाडाले मंतर मारून राहिला का वं?" आई म्हणायची, "मास्तर झाला ना बाई, काहीतरी असंल." मी हसून लोळायची. आपल्या दादाला याड लागलं असं मी मैत्रिणींना सांगून टाकलं होतं.

चमचा त्यानंतर आला. तू नियमच केलास. जेवताना आईच्या शब्दात नसता आवाज शिरला की ताटाच्या काठावर एक टिंग.

"स्टेशन म्हण, आई."

"इस्टेशन."

टिंग.

"अरे, थेच तं म्हणून राहिली मी."

तिला खरंच तेच ऐकू येत होतं, दादा. तिने आत 'स्टेशन' धरलं होतं आणि बाहेर येताना जिभेने त्याला हात दिला होता, एवढंच. पण तू टिंग टिंग करत राहिलास. रागावून नाही, हे मी कबूल करीन. थंडपणे, वर्गात छडी टेबलावर टेकवावी तसं. त्यापेक्षा तू ओरडला असतास तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला आई उलटून बोलायची. चमच्याला काय बोलणार?

मग ती वाटा शोधायला लागली. इस्कूल सोडून 'शाळा' म्हणायला लागली. स्टेशनला 'जिथं रेलगाडी थांबते थे' म्हणायची. स्टोव्हचं नाव घ्यायचं टाळून बोटाने दाखवायची. आणि मला जेवताना 'पोरी' म्हणायला लागली. "पोरी, पानी दे." नळावर गेली की तिथून मोठ्याने हाक यायची, "परमिलाऽऽ!" घरात, तुझ्यासमोर, मला नावच राहिलं नाही. पुढे पुढे ती जेवताना काहीच बोलेना. हो, नाही, बस, घे. तुला वाटलं सुधारणा झाली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, पण तुला तो दिसत नव्हता.

मी कॉलेजात गेले, तुझ्याच पगारावर. ते मी विसरले नाही. फीच्या दिवशी तू कधी तोंड वाकडं केलं नाहीस. वस्तीतली माणसं म्हणायची, पोरीला कायले एवढं शिकवून राहिला, तेव्हा तूच त्यांना परस्पर वाटेला लावलंस. एम.ए.ला मी भाषाशास्त्र घेतलं ते मात्र तुझा चमचा हिसकावून घ्यायला, हे आता सांगायला हरकत नाही. आणि हत्यारं मिळालीही! एका उन्हाळ्यात आपण आंबे खात होतो. मी मुद्दाम काढलं.

"दादा, हा जो आंबा खातो आहेस, त्यातला 'ब' कुठून आला?"

"कुठून म्हणजे?"

"मूळ शब्द आम्र. त्यात 'ब' नाहीच. 'म' म्हणताना ओठ मिटलेले, वारा नाकातून. पुढे 'र'साठी तोंड उघडायचं. पण नाकाची वाट आधी बंद होते आणि ओठ मागून उघडतात. त्या क्षणभरात 'ब' फुटतो. कोणी बोलावलं नव्हतं त्याला. आईच्या तांब्यातलं तांबं तसंच, मूळ ताम्र. वाजव चमचा."

तू कोय चोखत राहिलास. मी थांबणारी थोडीच. 'प'चे ओठ उघडल्यावर जीभ 'र'कडे वळेपर्यंत गळ्यातला आवाज चालू राहिला तर मधे 'अ' ऐकू येतो, त्यात आईचं काही पाप नाही, असं सांगितलं. 'स' आणि 'ट' एकदम बाहेर पडताना अडखळतात म्हणून आधी 'इ' येऊन टेकू देतो, हेही सांगितलं. तुझे ते मोठे लोक ज्या फलाटावर उभे राहून इस्टेशन म्हणणाऱ्याला हसतात, तो फलाट तरी काय आहे? प्लॅटफॉर्मच्या 'प' आणि 'ल'मधे जागा करूनच तो आपल्याकडे आला. आणि शेवटी मी हुकमाचं पान टाकलं.

"आणि आपल्या बुद्धवंदनेत रतन आहे, दादा. रत्न नाही. अरिय आहे, आर्य नाही. सिनेह आहे, स्नेह नाही. ज्या पाली भाषेपुढे तू रोज सकाळी हात जोडतोस, ती आईसारखीच बोलते."

आई भिंतीशी बसून ऐकत होती. तिला सगळं कळलं असेल असं नाही, पण आपल्या बाजूने कोणीतरी बोलतं आहे एवढं कळलं. तिने माझ्या ताटात आणखी एक आंबा ठेवला. तू कोय खाली ठेवलीस, हात धुतलेस आणि म्हणालास, "नोकरीच्या मुलाखतीला बुद्ध बसत नाही, प्रमिला." आणि बाहेर निघून गेलास. मी जिंकले असं मला वाटलं होतं. 

मग ती पौर्णिमा आली. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची. वस्तीतल्या विहाराला नुकताच रंग दिला होता. वंदना आणि संकल्प सांगायचा मान आपल्याकडे जाणत्या बाईचा. ती एक ओळ म्हणते, बाकीच्या तिच्या मागून म्हणतात. विहाराला पत्र्याचं छप्पर होतं तेव्हापासून तो मान आईचा होता. त्या वर्षी तू हेडमास्तरांना आणि शाळेतल्या मंडळींना बोलावलंस, आणि स्वतः नवा संकल्प लिहिलास. अजून पाठ आहे मला. 'स्त्रीशिक्षणाचे व्रत आम्ही प्राणपणाने स्वीकारतो.' एका ओळीत एवढे खडे कोणी घालतं का रे?

दिवसचे दिवस तू आईला घेऊन बसलास. चमचा होताच. ती घाबरून घाबरून म्हणायची आणि जास्तच अडखळायची. शेवटी आदल्या दिवशी तू म्हणालास, "आई, तू राहू दे. प्रमिला सांगेल."

"बरं," आई म्हणाली. एवढंच. पण पांढरं लुगडं तिने आधीच घडी करून उशाखाली ठेवलं होतं. ते तिने काढलं नाही.

मी तुझ्याशी भांडले, पण पाहुण्यांना बोलावून झालं होतं. मी उभी राहिले. समोर वस्तीतल्या सगळ्या बाया, पहिल्या रांगेत तुझी शाळा, शेवटी दाराशी आई. वंदना झाली. मग मी तुझी ओळ म्हटली. स्वच्छ म्हटली, तुझ्याकडून शिकलेली होते मी. मागून जे आलं त्याला बोलणं म्हणता येणार नाही. कोणी 'स्त्री'पाशी अडलं, कोणी 'व्रत' सोडून पुढे गेलं, कोणी नुसतेच ओठ हलवले. मी पुन्हा म्हटली. या वेळी निम्म्या बाया गप्पच राहिल्या. एवढ्या जणींनी मिळून बोलायचं म्हणजे एकत्र पाय टेकायला जागा लागते, आणि तुझ्या त्या ओळीत ती कुठेच नव्हती. हेडमास्तरांनी घड्याळ पाहिलं. तुझ्या मानेवरची शीर मला तिथून दिसत होती. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या आणि मला वाटलं, आता या उठून जातील आणि पुन्हा कधी येणार नाहीत.

तेव्हा दाराशी आई उभी राहिली.

"इस्तिरीशिक्षनाचं... वरत... आमी परानपनानं... सिविकारतो."

आणि सगळ्या बाया एका दमात तिच्या मागून म्हणाल्या. इतक्या मोठ्याने की पंख्यावरच्या चिमण्या उडाल्या. आईने शेवटपर्यंत सगळा संकल्प सांगितला, तिच्या पद्धतीने, जागोजागी पाट मांडत. मी स्टेजवरून खाली उतरून बायांत बसले आणि त्यांच्यासारखंच म्हटलं. मला तेव्हा काय वाटत होतं ते सांगू? आनंद होत होता आणि तुझ्याकडे पाहायची भीती वाटत होती.

जाताना हेडमास्तर तुला हसून म्हणाले, "मातोश्री फारच भोळ्या आहेत हो." तू हात जोडलेस.

घरी आल्यावर तू दार लावलंस. आई चुलीकडे गेली. मीच तोंड उघडलं. म्हटलं, "पाहिलंस? तुझ्या शुद्ध ओळीने विहार मुका केला होता. आईने सोडवला." आणि तू भिंतीवर मूठ मारलीस. मी तुला इतक्या वर्षांत तसं बोलताना ऐकलं नव्हतं.

"तुले हसलं नाही कोनी! तू शास्त्र सांगून राहिली मले! मी वर्गात पहिल्या दिवशी 'परश्न विचारा' म्हटलं. सारा वर्ग हासला. दारात हेडमास्तर उभा होता, तोबी हासला. मंग म्हणे, हे लोक आता मराठी शिकवणार. हे लोक! तवा कुठी होतं तुयं भाषाशास्त्र? सांग ना! माह्या मायले कोनी तसं हासू नये म्हणून मी..."

तिथे तू थांबलास. तुझ्याच तोंडातून काय बाहेर पडलं ते तुला ऐकू आलं होतं. आई चुलीशी पाठ करून बसली होती. ती वळली नाही. तिने फक्त विचारलं, "जेवतं का गा?" तू जेवला नाहीस. त्यानंतर तू कधी चमचा वाजवला नाहीस, पण तू आईशी कामापुरतंच बोलायला लागलास आणि तीही तुझ्यासमोर कामापुरतंच. मी लग्न होऊन प्रताप नगरला गेले. इकडे आले की तुमच्या दोघांमधे बसून दोघांचं मीच बोलायची.

त्या दिवसाबद्दल तुला एक सांगायचं राहिलं. तू म्हणालास ते खरं होतं. मला कोणी हसलं नव्हतं, कारण हसण्याच्या आधीच तू मला तयार केलं होतंस. माझ्या वाटचं हसू तू अंगावर घेतलंस. पण आईच्या वाटचं तू तिच्यावरच उलटवलंस, दादा. ती शाळेत शिकवायला जाणार नव्हती. तिला घरात बोलायचं होतं.

पन्नाशीही न गाठता तुला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, वाचा येईल हळूहळू, बोलत ठेवा. आणि ती आलीही. एका सकाळी तू वहिनीला म्हणालास, "गि... लास." वहिनीला कोण आनंद झाला! पण मी तुझ्या उशाशी होते, मी तुझा चेहरा पाहिला. दुसरा शब्द 'परकाश' आला, खिडकीकडे बोट करून. तुझ्या जिभेला जोडाक्षर उचलवत नव्हतं, ती मधे टेकू मागत होती. तू ओठ मिटलेस आणि भिंतीकडे वळलास. त्यानंतर तू बोलेनासा झालास. येत नव्हतं म्हणून नाही. मुलाला, वहिनीला, मला, कोणालाच शब्द द्यायचा नाही असं तू ठरवून टाकलंस. डॉक्टरांनी बजावलं होतं, असा गप्प राहिला तर आहे तीही वाचा जाईल. मी तुझ्यापुढे रतन आणि अरिय पुन्हा मांडलं, रागावले, पाया पडले. तू डोळे मिटून घ्यायचास.

एके दुपारी आई ताट घेऊन तुझ्या खाटेवर बसली. तुला पेज भरवून झाली होती. तिने चमचा पुसला आणि ताटाच्या काठावर वाजवला. टिंग.

तू डोळे उघडलेस. दादा, तुझ्या डोळ्यांत भीती होती. मला वाटलं, आई आता सगळं परत करते आहे. मी चमचा काढून घ्यायला हात पुढे केला. "थांब वं," आई म्हणाली. आणि तिने तुझ्याकडे वाकून, लहान मुलाला शिकवावं तसं, हलक्या हाताने वाजवत म्हटलं, "पर." टिंग. "मि." टिंग. "ला." टिंग. "म्हण गा. हे सोपं हाय. मी म्हणतो तसं म्हण."

तू तिच्याकडे पाहत राहिलास.  तिने पुन्हा वाजवलं. मग तुझा ओठ हलला.

"पर... मि... ला."

त्या दिवसापासून तू आईशी बोलायचास. फक्त तिच्याशीच. दुपारी दार लोटून दोघं बसायचात आणि बाहेर टिंग टिंग ऐकू यायचं. मी आत आले की तू गप्प. माझ्या वाट्याला ती एकच हाक आली. दुसरा झटका आला तो तुला घेऊनच गेला. मला विचारायचं होतं की ते नाव तू आईसाठी तसं म्हटलंस, की जिभेला दुसरं जमत नव्हतं म्हणून. आता ते तुझ्याबरोबर गेलं. मी त्याचा अर्थ माझ्या सोयीने लावणार आहे, तुला काय म्हणायचं ते म्हण.

आज सकाळी मी उठले तर आई मागच्या अंगणात, मोरीपाशी. भिंतीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत होती. जवळ गेले तर ऐकू आलं. "प्... प्र... प्र." काल चमचा वाजल्यापासून तिच्या मनाने काय घेतलं होतं कोण जाणे. मला पाहून ती सावरून उभी राहिली, श्वास घेतला आणि म्हणाली, "प्रमिला."

स्वच्छ. तुझ्यासारखं.

"बराबर झालं का वं? त्याले लई हौस होती. त्याच्या जीत्यापणी नाही जमलं मले."

 मी आत गेले. ती मागोमाग आली, पुन्हा म्हणाली, "प्रमिला, चहा टाक." ओट्यावर ताट होतं, त्यात चमचा होता. मी तो उचलला आणि काठावर वाजवला. टिंग.

आई दचकली. "चुकलं का?"

"हो. माझं नाव परमिला आहे. दादानं शेवटी तेच म्हटलं होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसली आणि पदर डोळ्याला लावला. मी चहा टाकला. तिच्या हातात कप दिला. दोन घोट घेतल्यावर तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "तं मी का सांगत होती काल, परमिला... तुया मामा पोतं डोक्शावर घेऊन इस्टेशनावर उतरला..."

आणि ती सांगत राहिली.